आधी उतारा, मग न्याय

बारावीची मुलं क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या, वर्गाला येतात तेव्हा निम्म्यांच्या दप्तरात कायद्याचं एखादं जाडजूड पुस्तक असतं. बहुधा तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या काकांनी दिलेलं. ते पुस्तक मी घरी परत पाठवतो. काकांना राग येतो, पण नाइलाज आहे.

२०२० पासून क्लॅटचा पेपर पूर्ण उताऱ्यांवर गेला. आता १२० प्रश्न, १२० मिनिटं आणि त्याच मिनिटांत साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे एकामागून एक वाचायचे. कायद्याच्या विभागातला नियमही उताऱ्यातच दिलेला असतो. तो फक्त लावायचा. इथेच गोची होते.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे. सतरा वर्षांचा मुलगा वय अठरा सांगून हप्त्यावर मोबाईल घेतो आणि हप्ते थकवतो. उताऱ्यात नियम असा : अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्तीचा करार मुळातच शून्य. दुकानदार कराराच्या आधारे पैसे वसूल करू शकेल का? अर्धा वर्ग तावातावाने 'हो' म्हणतो, कारण पोरगं खोटं बोललं! उत्तर 'नाही'. मग मी उताऱ्यात एक ओळ वाढवतो : वय खोटं सांगितलं असेल तर हातात असलेली वस्तू परत करावी लागेल. मोबाईल अजून त्याच्याच खिशात आहे. तो परत करावा लागेल का? आता हुशार मुलं घसरतात. अज्ञानाचा करार शून्य ठरवणारा १९०३चा मोहरी बीबी खटला त्यांनी कुठेतरी वाचलेला असतो. 'करारच शून्य, मग परत कसलं करायचं?' असं म्हणून ती वाढवलेल्या ओळीवरून सरळ पुढे जातात. एकाला भाबडेपणा नडतो, दुसऱ्याला पाठांतर. म्हणून उत्तराखाली ते ज्या ओळीवरून आलं ती ओळ लिहायची सक्ती मी करतो. पहिले काही आठवडे मुलं फार कुरकुरतात.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शब्दसंग्रहाची धास्ती असते. माझ्या मते त्यांचा वेळ जातो तो मनातल्या मनात भाषांतर करण्यात. त्यासाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा, वर्तमानपत्र मिटायचं आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत मराठीत सांगायचं. त्या दोन ओळी जमल्या नाहीत, तर तो लेख नुसता डोळ्यांखालून गेला असं समजावं. चालू घडामोडींची अर्धी तयारी यातच होते.

मॉक टेस्ट किती देता याला आमच्या धंद्यात उगाच भाव आहे. जाहिरातीत तो आकडा ठळक छापतात. सोडवायला दोन तास लागले तर चुका तपासायला त्याहून जास्त लागायला हवेत. नियम चुकला, घाई झाली, की दोन पर्यायांत अडकलो, हे प्रत्येक चुकीपुढे लिहावं. महिनाभरात आपला नेहमीचा खड्डा दिसू लागतो.

चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून मुलं फार घाबरतात. हिशेब करून पाहा. चारांतले दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर ठोकून द्यावं. सरासरीत फायदाच आहे. डोळे मिटून टिक केल्यास मात्र हाती जवळपास काही लागत नाही, वर वेळ जातो.

आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात किंवा पुण्याच्या आयएलएसमध्ये जायचं असेल तर राज्याची सीईटी वेगळी द्यावी लागते. ती मराठीतही आहे आणि चुकीला गुण कापत नाहीत. तरी दरवर्षी काही मुलं क्लॅटच्या सवयीने तिथेही प्रश्न कोरे सोडून येतात.