मूळ गावाखालची नोंद

वडिलांच्या पश्चात त्यांचे जे दप्तर जळगावच्या घरी माझ्या स्वाधीन झाले, त्यात जमिनीचे उतारे, विम्याच्या पावत्या आणि आहेराच्या याद्या यांच्यासोबत पत्त्यांची एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. आणि गंधमुक्तीची पत्रे तिच्यावरूनच पाठवावयाची असल्याने शोकाच्या त्या दिवसांत मी ती पानोपान वाचली. आरंभीच्या नोंदी आजोबांच्या वळणदार अक्षरातल्या होत्या. त्यांच्याखाली ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असे लिहिलेले, म्हणजे 1906 साली खानदेशाचे दोन भाग झाल्यानंतरचे आणि जळगाव जिल्ह्याला आजचे नाव मिळण्यापूर्वीचे. ज्यांच्या अखेरीस सहा आकडी पिन आहे त्या नोंदी मात्र 15 ऑगस्ट 1972 नंतरच्या, कारण संस्कृतज्ञ टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली ती पद्धत त्या दिवशी अमलात आली. धुळ्याचे पत्ते आखूड होते. तेथे गल्लीचा नंबर लिहिला की काम भागे. जळगावात पेठ लिहूनही वाड्याची, क्वचित शेजारच्या दुकानाची खूण द्यावी लागे.

पत्रे रवाना झाली, विधी उरकले, आणि त्यानंतर कळले की वडिलांच्या चुलत बहिणीला, आमच्या धाकट्या फुईंना, पत्र गेलेच नाही. भाऊ गेल्याची वार्ता त्यांना परक्याच्या तोंडून कळली, हे शल्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही. वही आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली असल्याने मी त्यांना माहेरच्या आडनावात शोधीत होतो आणि नोंद सासरच्या आडनावात होती. तीही इतकी खोडलेली, की शाईखालचे एकही अक्षर लागत नव्हते.

तेव्हापासून मी या विचारात होतो, की माणसाचे ठिकाण कोणत्या खुणेवर लावावे म्हणजे ती खूण त्याच्याआधी नाहीशी होणार नाही. आडनाव विवाहाने पालटते, घर बदलीने, टेलिफोनचा क्रमांक तर सहजच. उत्तर मला नाशिकला, अस्थिविसर्जनासाठी गेलो तेव्हा, गोदाकाठीच दिसले होते, फक्त त्या वेळी ते उत्तर आहे हे उमगले नव्हते: तीर्थोपाध्यायांनी प्रथम विचारले ते मूळ गाव, मग आडनाव, आणि घटकाभरात नामावळीतले आमच्या कुळाचे पान काढून पणजोबांची मोडकी सही माझ्यापुढे ठेवली. मूळ गावी आज आमची एक वीटही उरलेली नाही. तरी त्या गावाच्या नावाखाली आम्ही सारे सापडलो.

म्हणून लाल कापडी बांधणीची लांब वही आणून मी पत्ते गावनिहाय लावावयास घेतले आहेत. स्त्रियांची नोंद माहेरच्या गावाखाली करतो, आणि सासरच्या गावी केवळ पानाचा दाखला देतो, कारण आमच्या घराशी त्यांचा संबंध माहेरच्या वाटेनेच जोडलेला आहे. खाडाखोड मात्र करावयाची नाही, हे तलाठ्यांच्या दप्तरातून घेतले. पूर्वी सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले तरी ते वाचता येईल असे राखून त्याला कंस करीत, आणि शेजारी गाव नमुना 6 मधील फेरफाराचा क्रमांक मांडीत, जेणेकरून हक्क कोणाकडून कोणाकडे गेला याचा माग राही. मोबाईलमध्ये जुन्याच्या जागी नवा क्रमांक घातला की जुना निःशेष होतो. आणि मला तर जुनाही हवा असतो, कारण पूर्वीच्या घरचा शेजारीच पुष्कळदा नव्या घराची वाट सांगतो.

फुईंच्या माहेरच्या, पारोळ्याच्या पानावर पहिली नोंद त्यांची केली. गल्ली नंबर 5, धुळे, त्याला कंस; देवपूर, धुळे, त्यालाही कंस, आणि शेजारी साल; मग मुलाकडचा नाशिकचा पत्ता, जो त्यांनीच फोनवर सावकाश, दोनदा सांगितला. त्याखाली चार बोटे जागा कोरी सोडली आहे.