११५२ मोठे की ७६८?

जुन्या ग्राफिक्स कार्डांत डावं-उजवं करायचं असेल, तर बॉक्सवरच्या आकड्यांवर फार जाऊ नका. जीटीएक्स ७६० मध्ये ११५२ कोअर आहेत, जीटीएक्स १०५० टीआयमध्ये ७६८. पहिल्याची मेमरी सेकंदाला १९२ जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची ११२. शाळेतलं पोरही सांगेल की पहिलं भारी. पण गेम लावून बघा, दोघं जवळपास बरोबरीत येतात. बऱ्याचदा १०५० टीआय थोडं पुढेच.

हा हिशोब मला काही महिन्यांपूर्वी मामेभावासाठी करावा लागला. तो बार्शीहून पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकायला आलाय, कॉट बेसिसवर राहतो. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला डेस्कटॉप त्यानं आधीच घेतला होता. कार्डासाठी मामांनी सहा हजार दिले होते. त्यात जीटीएक्स १६५० बसत नव्हतं. उरली ही दोन.

७६० हे २०१३ चं, केप्लर पिढीचं. त्यात १९२ कोअरचा एक गट आणि त्यांना काम वाटायला चार शेड्युलर. पंगतीत वाढपी भरपूर, पण कुठे काय वाढायचं ते सांगणारे चारच, असा प्रकार. काही वाढपी हातात भांडं घेऊन नुसतेच उभे राहतात. पुढच्या मॅक्सवेल पिढीत गट १२८ चा झाला आणि प्रत्येक शेड्युलरला त्याचे स्वतःचे ३२ कोअर मिळाले. २०१६ चं १०५० टीआय पास्कल पिढीचं. त्यानं हीच रचना घेतली आणि घड्याळाचा वेग वाढवला. रंगांचा डेटा आवळून पाठवायची पद्धतही सुधारली होती, त्यामुळे मेमरीचा रस्ता अरुंद असूनही भागतं. म्हणजे ‘कोअर’ हा शब्द दोन्हीकडे एकच, माप मात्र वेगळं.

शिवाय ७६० ला १७० वॉट लागतात, १०५० टीआयला ७५. रोज चार तास रेंडरिंग धरलं तर महिन्याला अकरा युनिटांहून जास्त फरक. ७६० ला पॉवर सप्लायमधून वेगळ्या वायरी जोडाव्या लागतात. ऑफिसच्या त्या डेस्कटॉपमध्ये त्या नव्हत्याच. आणि ब्लेंडरमधला सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की काम रेंगाळतं. तिथे २ जीबीपेक्षा ४ जीबी कधीही बरी.

ठरलं, १०५० टीआय. एका दुकानात ते फारच स्वस्तात मिळत होतं, पण मागे व्हीजीए पोर्ट होता. पास्कलनं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकला होता, मग हा पोर्ट आला कुठून? जीपीयू-झेड चालवून बघितलं तर १९२ कोअर. २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय, बायोस बदलून नव्या नावानं विकायला ठेवलेलं. आम्ही दुसरीकडे गेलो. तुम्हीही जुनं कार्ड घ्याल तर दुकानातच हे बघून घ्या.

खरी अडचण वेगळीच होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्यूडा १३ नं मॅक्सवेल आणि पास्कल वगळले. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांचे नियमित गेम-रेडी ड्रायव्हरही बंद झाले. सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार. मामांच्या पैशातून घेतोय ती वस्तू कंपनीनं जवळपास सोडून दिलीय, हे त्यांना सांगणं भाग होतं. मी फोन केला.

मामा म्हणाले, “चालतंय ना? मग जुनं कसं? आपला ट्रॅक्टर बघ की. तुझ्या वयाचा आहे.”

मी म्हटलं, “मामा, ट्रॅक्टर जुना झाला तरी शेत तेच राहतं. आमच्याकडे शेतच बदलतं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कोण बदलतं?”

याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. एका अर्थी मीच बदलतो. ऑफिसात जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट काढायची कामं माझ्याकडेही येतात. त्यामागे कारणं असतात: दहा वर्षांपूर्वीच्या चिपवर दर वेळी चाचणी घ्यायची तर माणसं लागतात, वेळ लागतो. पण टिकेटवर ‘वापरकर्ते कमी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या कमी लोकांत बार्शीचा एक मुलगाही असू शकतो, हे तिथे कुठेच दिसत नाही.

मामेभावाचा तीन वर्षांचा कोर्स २०२८ मध्येच संपतोय. “दादा, तोवर पुरेल की,” तो म्हणाला, आणि कार्ड बसवायला घेतलं. आता तो रात्री रेंडर लावून झोपतो. फॅनच्या आवाजाची खोलीतल्या बाकीच्या दोघांना सवय झालीय. १६५० वर हेच काम लवकर झालं असतं, हे त्याला माहीत आहे. पण ते घ्यायचं तर आणखी काही महिने थांबावं लागलं असतं, आणि त्याला शिकायचं होतं ते आत्ता.