बाकी जंगली

गेल्या माघांत आमच्या अण्णांचें पत्र आलें. अण्णा माझे थोरले चुलतबंधु. संगमेश्वराजवळील आमच्या वडिलोपार्जित घरांत ते एकटेच राहतात, आणि अजूनहि पत्रेंच लिहितात. घराचें छप्पर यंदाचा पावसाळा काढील असें दिसत नाहीं, सबब मागच्या उतारावरील झाडें ठेकेदारास द्यावीं म्हणतों, तुझी संमति कळव, एवढाच मजकूर होता. सोबत ठेकेदारानें केलेली मोजणी होती: ऐन १७, किंजळ २३, आंबा २, आणि शेवटीं ‘बाकी जंगली ६४.’

गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत आहें. वर्ड्स्वर्थला भेटलेलीं तीं पिवळीं फुलें मीं डोळ्यांनीं कधीं पाहिलीं नाहींत. तरी त्यांच्याविषयीं तासन् तास बोलत आलों. ‘बाकी जंगली’ या दोन शब्दांपाशीं मात्र मी अडखळलों. ज्या उतारावर माझें बालपण गेलें, तेथल्या त्या चौसष्टांपैकीं चौघांचींहि नांवें मला सांगतां येईनात. संमति देण्यापूर्वीं निदान ओळख तरी करून घ्यावी, असें ठरवून मी फाल्गुनांत रजा काढली आणि गांव गांठलें.

बरोबर थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ दि प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ घेतला होता. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या अवधींत प्रसिद्ध झाला, व अभ्यासकांस आजहि तो उघडावा लागतो. परंतु ग्रंथ ओळख पटवितो ती पानांवरून आणि फुलांवरून; आणि फाल्गुनांत निम्म्या झाडांवर पानच नाहीं! माझी फजिती पाहून एक वृद्ध गुराखी हंसला. “मास्तर, वरतीं काय शोधतां? साल बघा.”

त्या दिवसापासून मी त्याचा विद्यार्थी झालों. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल ऐनाची. खालीं पडलेलें फळ उचलून पाहावें: ऐनाच्या फळाला पांच सारखे पंख, किंजळाच्या फळाला तीनच, आणि त्यांतला एकच मोठा. कुडेहि दोन निघाले. चीक दोघांनाहि; पण पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकांशीं जुळलेल्या असतात. करवंदीलाहि चीक आहेच. पण तिचे जोडकांटे तिची ओळख आधींच करून देतात. वेलींना तर ठेकेदाराच्या हिशेबांत जागाच नव्हती. हातभर लांब शेंगांची गारंबी, झाडावरून सुतासारखीं मुळें सोडणारी गुळवेल, आणि जिच्या खोडांतल्या पाण्यावर रानांत हिंडणारे आपली तहान भागवितात ती उक्षी, या साऱ्या जणुं फुकटांतच जावयाच्या होत्या. उलट ज्या काजूला मी कोंकणचा अस्सल रहिवासी समजत होतों, तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेला पाहुणा!

दहा दिवसांत माझ्या वहींत एक्केचाळीस नांवें झालीं. ज्याला नांव नाहीं, त्याच्यावर कुऱ्हाड उचलतांना हात कचरत नाहीं, असा एक सिद्धान्तहि मीं मनाशीं बांधला. अण्णांना हीं नांवें कळलीं, कीं त्यांचा विचार पालटेल, याविषयीं मला शंका उरली नाहीं. रात्रीं ओसरीवर मीं ती यादी त्यांना वाचून दाखविली. थोडी ऐटींतच म्हणाना!

अण्णांनीं ती शांतपणें ऐकली. मग म्हणाले, “दोन राहिलीं. विहिरीकडचा कुंभा, आणि त्याच्या पलीकडचा नाणा.”

मी चकित झालों. “म्हणजे अण्णा, तुम्हांला हीं सारीं ठाऊक होतीं?”

“ठाऊक होतीं, म्हणून तर मोजणीच्या दिवशीं मी घरांत बसून राहिलों.”

एवढें बोलून त्यांनीं वर पाहिलें. मींहि पाहिलें. फुटक्या कौलांमधून चांदणें सरळ आमच्या अंगावर पडत होतें.

माझा सिद्धान्त तेथेंच कोसळला. नांवें ठाऊक नव्हतीं तीं मला. आणि माझें अज्ञान मीं अण्णांच्या पदरीं बांधलें होतें. दरमहा पगार घेणाऱ्याला झाडांवर प्रेम करणें सोपें असतें. त्या घरांत माझाहि वांटा आहे, पण छपराचा विचार आजवर त्यांनीं एकट्यानें केला. कौलांचा व वाशांचा खर्च मीं पाठविला, आणि ठेकेदाराला नकार कळविला. तळच्या पट्ट्याचा विसार अण्णांनीं आधींच घेतला होता. तेवढीं झाडें मात्र गेलीं.

वहींत आतां त्रेचाळीस नांवें आहेत. शेवटचीं दोन अण्णांच्या हस्ताक्षरांत आहेत.