दम

आमच्याकडं धावणं म्हणजे भरती. गुंजीत सकाळी रस्त्यावर कोण पोरगा पळताना दिसला की कुणी विचारत नाही, तब्येतीसाठी पळतोस काय म्हणून. थेट विचारतात, "भरती कधी हाय?" बेळगावात 1922 पासून मराठा रेजिमेंटचं सेंटर आहे. त्यामुळं खानापूर तालुक्यातल्या पोरांच्या डोक्यात मैदान म्हटलं की 1600 मीटर हेच गणित बसलेलं असतं.

माझा मामेभाऊ त्याच गणितात अडकला होता. अग्निवीरला तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस होती, आणि त्याला एकविसावं लागलेलं. म्हणजे ही शेवटची संधी. त्याच्याबरोबरची पोरं एकेक करून गोव्याला, पुण्याला कामाला निघून गेली. सुट्टीत मी घरी आलो तेव्हा तो म्हणाला, "एकट्याला कंटाळा येतोय गा, तू नुसता बरोबर ये." मी कधी बस पकडायलासुद्धा न धावलेला माणूस. तरी गेलो.

त्यानं मला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "माझ्या मागं यायचं नाही. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. बोलता आलं पाहिजे. बोलता येईना की वेग कमी." त्याला हे एका निवृत्त हवालदारांनी शिकवलेलं. नियम साधा आहे आणि त्यामागचं कारणही साधं आहे. सावकाश, पण रोजच्या रोज धावलं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, आणि प्राणवायू वापरून ताकद तयार करणाऱ्या पेशींतल्या भट्ट्याही वाढतात. हे सगळं धापा न टाकताच होतं. दुसरी गोष्ट अशी, की छातीचा दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात. म्हणून दम वाटतोय म्हणून अंतर एकदम वाढवलं की नडगी दुखायला लागते. आमच्याकडची कितीतरी पोरं भरतीच्या तोंडावर नडगीला तेल चोळत बसलेली दिसतात, ती यामुळंच.

पहिला आठवडा गावातल्या लोकांची करमणूक झाली. "कुठं पळूलायस गा, कोण मागं लागलंय काय?" म्हाताऱ्या बाया चालता चालता मला मागं टाकून पुढं जायच्या. स्टेशनकडच्या रस्त्यानं जायचं आणि उजाडल्यावरच निघायचं, हा भावाचा दुसरा नियम. जंगल जवळ आहे, अंधारात गवा कधी समोर उभा राहील सांगता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं जमलं. पाचव्या आठवड्यात सलग दहा मिनिटं. मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दिवसच्या दिवस थांबत नाही. तांबड्या चिखलात बूट जड व्हायचे, तरी आठवड्यातून चार दिवस चुकवले नाहीत.

याच काळात मला फडेप्पा दरेप्पा चौगुले सापडले. बेळगावचा धावपटू. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला, त्यात ते होते. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी घरातली पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि तिथून हा संघ पाठवण्याची खटपट सुरू झाली. त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची होती, म्हणजे गुंजीहून बेळगाव गाठून वर थोडं उरावं एवढी. चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी केली आणि 19 वे आले.

मी भावाबरोबर हिशेब मांडला. भरतीत पूर्ण 60 गुण हवे असतील तर त्या वर्षीच्या नियमात 1600 मीटर साडेपाच मिनिटांत लागायचं, म्हणजे किलोमीटरला 3 मिनिटं 26 सेकंद. चौगुल्यांचा वेग किलोमीटरला साधारण 4 मिनिटं, पण एवढं अंतर! भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझी अडचण पायात नाही, दमात आहे." ते खरंच होतं. साडेपाच मिनिटांच्या धावेतही बहुतेक ताकद प्राणवायूवरच येते. त्यानं रोजचं जीव तोडून पळणं आठवड्यातून दोन दिवसांवर आणलं आणि बाकीचे दिवस माझ्या वेगानं, गप्पा मारत माझ्याबरोबर धावला.

मैदानावर त्याला 5 मिनिटं 38 सेकंद लागले. त्याआधी सहा मिनिटांच्या आत तो कधी आला नव्हता. दुसऱ्या गटात बसला, 48 गुण मिळाले. पण अंतिम यादीत नाव लागलं नाही. घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. मामी देवळात जाऊन आली, मामा शेताकडं गेले. बावीस सेकंदांची कमाई कुठल्या यादीत लिहायची, हे मला कळेना.

आमच्या कॉलेजात प्रार्थनेच्या वेळी पौलाच्या पत्रांचा उल्लेख येतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो धाव पुरी केल्याचं बोलतो, कितवा आलो ते सांगत नाही. भावाला हे सांगायचा मला धीर झाला नाही. ज्याचं वय निघून गेलंय त्याला उपदेश करणं सोपं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच दारात आला. म्हणाला, "तुझे पाच किलोमीटर राहिलेत की." त्या दिवशी मी पहिल्यांदा पाच किलोमीटर न थांबता धावलो, अडतीस मिनिटांत. तो पूर्ण वेळ माझ्या वेगानं बरोबर होता आणि बोलत होता. खानापुरात एका दुकानात काम मिळतंय, सकाळी सहाची बस धरावी लागेल, मग पळायला संध्याकाळ बरी पडेल काय, असं सगळं. भरती संपली होती, पण संध्याकाळी पळायचं त्यानं ठरवलं होतं. आता गावातली दोन शाळकरी पोरं त्याच्याबरोबर असतात. त्यांनाही तो पहिल्या दिवशी तेच सांगतो: बोलता आलं पाहिजे.