'माझी पुस्तक' आणि बी.एड.ची उद्दिष्टे

बी.एड. केलेल्या कुणालाही पाठ टाचणाची वही आठवते. एका रकान्यात उद्दिष्ट, शेजारी स्पष्टीकरण: 'विद्यार्थी सांगतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो'. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेले वर्गीकरण आम्ही असे रोज रात्री उतरवत असू.

नॅकमुळे आता हीच भाषा कॉलेजांमध्ये पोहोचली आहे. प्रोग्राम आउटकम, कोर्स आउटकम, आणि दोन्ही जोडणारा १-२-३ आकड्यांचा तक्ता. कागद वाढले म्हणून प्राध्यापक कुरकुरतात. मला कागदाचे काही वाटत नाही. त्यावर लिहिलेले वाक्य आणि परीक्षेतला प्रश्न एकमेकांना ओळखत नाहीत, हे खटकते.

मराठी अध्यापन पद्धती हाच विषय घ्या. 'छात्राध्यापकाला अध्यापन पद्धतींचे आकलन होईल.' झाले की नाही, कशावरून ठरवायचे? पेपरात प्रश्न येतो: 'मराठी अध्यापनाची उद्दिष्टे विशद करा.' म्हणजे उद्दिष्टेच पाठ करायची!

इकडे उर्दू शाळेतले मूल म्हणते, 'माझी पुस्तक', 'पाणी सांडला'. नवे शिक्षक लाल रेघ मारतात. मुलाचा हिशेब मात्र पक्का असतो. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, पानी पुल्लिंगी. नपुंसकलिंग उर्दूत नाहीच. 'शाळा'ची 'शाला' होते, कारण उर्दूत ळ नाही. हे कळले नाही तर शिक्षक वर्षभर रेघाच मारत राहतात, आणि मूल मराठीत तोंड उघडायचे सोडून देते. पुढे अकरावीच्या वर्गात, मग नोकरीच्या मुलाखतीत ते गप्पच बसते.

म्हणून उद्दिष्ट असे लिहावे: 'मातृभाषा वेगळी असलेल्या मुलाच्या मराठी वाक्यातली चूक कुठून आली हे छात्राध्यापक सांगेल आणि तिच्यासाठी सराव तयार करेल.' (मातृभाषा वेगळी म्हणजे फक्त उर्दू नव्हे; गोंडी, भिल्ली बोलणारी मुलेही आलीच.) एवढे लिहिले की परीक्षा बदलावीच लागते: मुलांच्या वह्यांतली दहा वाक्ये समोर ठेवायची. मग तासालाही दोन भाषांची लिंगे शेजारी शेजारी मांडणे आले. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये उद्दिष्ट, शिकवणे आणि परीक्षा यांच्या ज्या जुळणीबद्दल लिहिले, ती हीच.

आता चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. येते आहे, अभ्यासक्रम नव्याने लिहिले जातील. ते लिहायला बसणाऱ्यांत उर्दू शाळेत मराठी शिकवणारी एखादी बाई असू द्या. येताना तिने मुलांच्या वह्या घेऊन यावे.