आमच्या परसातली मस्कोव्ही बदकं

विद्यार्थी मित्रांनो, बदक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरं अंग, पिवळी चोच आणि ‘क्वॅक क्वॅक’ असा आवाज, हो ना? आज मी तुम्हाला एका वेगळ्याच बदकाची ओळख करून देणार आहे. त्याचं नाव मस्कोव्ही. कोकणातल्या आमच्या घराच्या परसात ही बदकं आहेत, म्हणून रोज पाहिलेलंच सांगतो.

मस्कोव्हीच्या चेहऱ्यावर लालभडक, खडबडीत मांसल गाठी असतात. पायाला तीक्ष्ण नख्या असतात, त्यामुळे ते झाडाच्या फांदीवरही बसतं. नर नुसता फुसफुसतो, मादी हळू आवाजात बोलल्यासारखी करते. पूर्ण वाढलेला नर पाच किलोच्या आसपास भरतो, मादी जवळजवळ निम्मी. नावावरून हे बदक रशियातलं वाटेल, पण तसं नाही बरं का! त्याचं मूळ मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या भागात आहे. कोलंबस तिकडे पोहोचण्याआधीच तिथल्या मूळ रहिवाशांनी ते पाळलं होतं. आपल्याकडची इतर पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशज, हे मात्र वेगळ्या जातीचं. दोघांचा संकर झाला तर पिल्लं होतात, पण त्या पिल्लांना पुढे पिल्लं होत नाहीत. घोडा आणि गाढवाच्या खेचरासारखंच!

आता पिल्लांबद्दल. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, साध्या बदकाचं 28 दिवसांत. मस्कोव्हीला तब्बल 35 दिवस लागतात. पाच आठवडे मादी पेंढ्यावर बसून असते. दिवसातून एकदा उठते, खाते, घमेल्यातल्या पाण्यात अंग भिजवते आणि परत अंड्यांवर येते. त्या काळात आई तिच्याजवळ कुणाला फिरकू देत नाही.

पिल्लं निघाली की काळजी खाण्याची. नुसती तांदळाची कणी घालून चालत नाही. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. म्हणून आम्ही कणीत भुईमुगाची पेंड आणि थोडी सुकी मासळी मिसळतो. पेंडीला बुरशी लागलेली नाही ना, हे मात्र आधी बघायचं. त्या बुरशीचं विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधतं. पाण्याचं भांडं असं हवं की चोच नाकपुडीपर्यंत बुडाली पाहिजे.

आणि आता सगळ्यांत गमतीचा भाग, रंग! मस्कोव्हीचा मूळ रंग काळा. उन्हात त्यावर हिरवट झळाळी दिसते आणि पंखावर पांढरा पट्टा असतो. याशिवाय पांढरी, निळसर राखाडी, तपकिरी अशीही असतात. निळसर रंगाचं जनुक एका बाजूने आलं तर पिल्लू निळसर होतं, दोन्ही बाजूंनी आलं तर फिकट चंदेरी. म्हणून निळसर जोडीला साधारण चारात एक काळं, दोन निळसर आणि एक चंदेरी पिल्लू निघतं. मेंडेलचे वाटाणे आठवले ना?

एका वर्षी आमच्या काळ्या जोडीला तीन तपकिरी पिल्लं झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “गुरुजी, अंडी कुणी बदलली तर नाहीत ना?” अंडी आमचीच होती. तपकिरी रंगाचं जनुक लपून राहतं. नराकडे त्या जागी दोन जनुकं असतात, मादीकडे एकच. आमच्या काळ्या नराच्या दोनपैकी एक तपकिरी होतं. काळ्या जनुकामागे ते दिसत नव्हतं. ते ज्या मुलीला मिळालं, ती तपकिरी झाली, कारण तिच्याकडे झाकायला दुसरं नव्हतंच. त्यामुळे ती तिन्ही पिल्लं माद्याच निघाली.

तेवढ्यात एक व्यापारी आला. तपकिरी नर-मादीच्या जोडीला तो दुप्पट भाव देणार होता. पण तपकिरी नर आणायचा कुठून? तो म्हणाला, “बापालाच लेकीबरोबर सोडा, होईल काम.” हिशेब बरोबर होता, तपकिरी नर निघालेही असते. पण जवळच्या नात्यात जोड्या लावत गेलं की अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त होतात. रंगासारखेच दोषही आत लपलेले असतात आणि अशा वेळी ते जोडीने वर येतात. पैशाची गरज तर घरात होतीच. तरी आई म्हणाली, “पैसे वर्षभर उशिरा आले तरी चालतील. अंडीच फुकट गेली तर विकणार काय?”

आम्ही दुसऱ्या गावातून नात्याबाहेरचा तपकिरी नर आणला आणि काळ्या माद्यांबरोबर ठेवला. तो व्यापारी काही परत आला नाही. पण त्या विणीतल्या सगळ्या मुली तपकिरी आणि सगळे मुलगे काळे निघाले. पहिल्याच दिवशी पिसांवरून नर-मादी ओळखता आले! आणि ते काळे मुलगेसुद्धा तपकिरी रंग आत घेऊनच फिरतायत.

मित्रांनो, प्राणी पाळताना आपण आधी रंग बघतो, भाव बघतो. पण पिढी टिकते ती जे दिसत नाही त्याची काळजी घेतली तर. आता तुमच्यासाठी एक प्रश्न: त्या काळ्या मुलग्याची जोडी नात्याबाहेरच्या काळ्या मादीशी लावली, तर तपकिरी पिल्लं कोण असतील, नर की मादी? वहीत तक्ता काढा आणि स्वतःच शोधा!