एका ‘असूनही’ची गोष्ट

शिक्षकाने जन्मभरात किती वाक्ये उच्चारली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, हे त्याच्यावर फार मोठे उपकार आहेत. गेली वीसएक वर्षे मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. घंटा झाली की वर्गात शिरायचे, हजेरी घ्यायची आणि पुढची पाऊण घटका वाक्यांमागून वाक्ये सोडून द्यायची. त्यांतली थोडी मुलांच्या वह्यांत उतरतात, बरीचशी खिडकीवाटे बाहेर जातात. परत येऊन जाब कोणी विचारीत नाही. माझ्या एका वाक्याने मात्र तो विचारला. त्याचीच ही गोष्ट.

२०१९ सालचा पावसाळा सरत आला होता. आमचे गाव तेव्हा सरकारी कागदांवर उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव तिथे लागले ते २०२३ साली. त्या उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३वे अधिवेशन भरायचे ठरले होते आणि अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली होती. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाच्या अध्यक्षपदी! चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत दुसरा विषय नव्हता. काहींना ही निवड मुळीच रुचली नाही. काही संघटनांनी उघड विरोध केला. दुसरा पक्ष आमच्यासारख्या उदार मंडळींचा. आम्ही छाती पुढे काढून म्हणत होतो, “अहो, पाद्री असूनही काय सुरेख मराठी लिहितात ते!”

त्याच आठवड्यात वर्गात ‘स्मृतिचित्रे’ चालू होते. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र म्हणजे माझा हातखंडा विषय. १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला त्याचा पत्ता नव्हता. मग ताटातूट, नातलगांचे घर, पदरात एक मूल, आणि पुढे १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा. हे सांगताना माझा आवाज आपोआप भरून येतो. त्या दिवशीही तो आला. त्या भरात मी म्हणालो, “ख्रिस्ती झालेले असूनही टिळकांची मराठी अखेरपर्यंत अस्सल राहिली!”

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. अबोल, नाकासमोर चालणारी. गावातल्या छोट्या चर्चच्या पाळकांची ती लेक.

“सर, ‘असूनही’ का?”

प्रश्न तीनच शब्दांचा होता. उत्तर सुचेना, तेव्हा मी अशा वेळी सगळे मास्तर करतात तेच केले. विनोद केला. “व्याकरणाचा तास उद्या आहे, बाई!” वर्ग हसला. ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशीही हजेरीपटावर तिच्या नावापुढे मला फुली मारावी लागली.

घरी सौ.ला हे सांगितले. ती दिवाळीचा चिवडा करायला पोहे निवडत होती. ताटावरची नजर न काढता ती म्हणाली, “प्रश्न सोपा होता की. उत्तर का नाही दिलंत?”

उत्तर द्यायचे म्हणून रात्री मी कागद घेऊन बसलो. ‘ताप असूनही तो कामावर गेला.’ ‘पाऊस असूनही सभा झाली.’ ‘कर्ज असूनही त्याने मुलीला शिकवले.’ चार उदाहरणे लिहिली आणि माझे मलाच दिसले. ‘असूनही’ हे बापडे नेहमी अडथळ्याच्या मागून येते. ताप, पाऊस, कर्ज. आणि त्यांच्याच रांगेत मी टिळकांची श्रद्धा नेऊन बसवली होती! टिळकांना वीस-पंचवीस वर्षे आलेला एक ताप, आणि त्यातूनही वाचलेली त्यांची मराठी! विरोध करणाऱ्यांनी निदान आपला विरोध उघड सांगितला होता. मी तो कौतुकाच्या पुडीत बांधून दिला होता.

मग मी कपाटातली पुस्तके काढली. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, जन्माने इंग्रज. इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, सुमारे ११ हजार ओव्यांचे. येशूची कथा इथल्या माणसाला सांगायची तर ती ओवीतच सांगितली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. हिंदू विधवांच्या दुःखाची ती कथा मराठी कादंबरीच्या प्रारंभाशी उभी आहे. टिळकांची तर तुकोबांवरची भक्ती ख्रिस्ती झाल्यावरही तसूभर उणावली नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. आणि खुद्द दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझी चूक मला कळली. ‘असूनही’ नव्हे, ‘असल्यामुळे’! श्रद्धा होती म्हणून ही माणसे मराठीत इतकी खोल उतरली. आपल्या शोधावर मी फार खूष झालो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घेऊन पाळकांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचे बिऱ्हाड. भिंतीवर वधस्तंभ, खाली फळीवर ‘उपासना संगीत’ची जीर्ण प्रत, आणि कोपऱ्यात ज्वारीचे पोते. पाळकसाहेब पन्नाशीचे, अंगात साधा सदरा. पाळकीणबाईंनी चहा ठेवला. मुलगी आतल्या दारात उभी राहिली. तिला ताप आला होता. चार दिवस ती कॉलेजात आली नाही ती त्या तापाने. माझ्या पश्चात्तापाची निम्मी हवा तिथेच गेली.

तरी मी माझा शोध मांडला. पाळकसाहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“सर, वाईट मानू नका,” ते म्हणाले. “पण ‘असल्यामुळे’सुद्धा नको. मराठी आम्हाला धर्मानं दिली नाही. आईनं दिली. माझे आजोबा याच जिल्ह्यातले, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. ते ख्रिस्ती झाले त्याच्या आदल्या दिवशी जे बोलत होते, तेच दुसऱ्या दिवशी बोलले. भाकरी तीच आणि भाषा तीच.”

मी गप्प झालो. ते हसून पुढे म्हणाले, “दर चार-पाच वर्षांनी आमची बदली. फादर लोकांना संसार नसतो, आम्हाला असतो. त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर आणि पोरं काखेत. हिनं चार शाळा पाहिल्या. प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी कुणीतरी विचारायचं, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ ही सांगायची, ‘इथलीच.’ मग पुन्हा विचारायचे, ‘नाही, पण मूळच्या कुठल्या?’”

त्या संध्याकाळी मी तिथे दोन तास बसलो. दर रविवारी त्यांच्या उपासनेला पंचवीस-तीस माणसे असतात. त्यांना ते ‘मंडळी’ म्हणतात. कीर्तनकारही समोरच्यांना मंडळी म्हणतो आणि आमचे आजोबा आमच्या आजीला मंडळी म्हणत. एकाच शब्दाचे तीन संसार! सुगीनंतर ही मंडळी देवळात पायली-दोन पायल्या धान्य आणून ठेवतात. कोपऱ्यातले पोते त्यातलेच. पण मला सगळ्यांत भावली ती त्यांची ‘तारण’ या शब्दाची हकिगत.

“आमच्या प्रत्येक उपदेशात तारण हा शब्द येतो,” ते म्हणाले. “पहिल्यांदा इथं आलो तेव्हा मी तावातावानं बोलत होतो, ‘तुमचं तारण झालं आहे!’ लोकांचे चेहरे उतरलेले. मागाहून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, ‘साहेब, तारणाचं नाव काढू नका. दोन एकर तारण आहे सोसायटीकडं. पाऊस नाही, सुटायचं कसं?’ त्या रात्री मला झोप आली नाही. पाठ केलेला शब्द आणि जगलेला शब्द यांत किती अंतर असतं! पुढच्या रविवारी मी म्हणालो, ‘बाबांनो, तेच तारण. तुमच्या कर्जापायी दुसरं कोणीतरी स्वतः तारण राहिलं. जमीन नाही, पैसा नाही, स्वतःचा जीव. म्हणून तुमचा सातबारा मोकळा झाला.’ म्हातारा रडला. मी सेमिनरीत शिकलो नव्हतो ते त्यानं मला शिकवलं.”

ती श्रद्धा माझी नाही. पण दुष्काळाच्या मुलखात सातबारा मोकळा होणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या वाक्याचे वजन कळायला बाप्तिस्म्याची गरज नाही.

निघताना मी मुलीची माफी मागितली. ती लाजून आत पळाली. पाळकसाहेब फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “सर, तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी हिनं मलाही असंच पकडलं. शेजारचे गुरुजी आमच्या आजारपणात रात्र-रात्र दवाखान्यात बसले होते. मी उपासनेत सांगितलं, ‘ख्रिस्ती नसूनही किती भला माणूस!’ घरी आल्यावर हिनं विचारलं, ‘पप्पा, नसूनही का?’ मी तर विनोदसुद्धा करू शकलो नाही. मी तिच्यावर ओरडलो.”

दोघेही अपराधी फाटकात उभे राहून हसलो.

संमेलन १०, ११ आणि १२ जानेवारी २०२० या दिवसांत झाले. नगरीला नाव संत गोरोबाकाकांचे. गोरोबांचे तेर आमच्याच जिल्ह्यातले आणि माझ्या आईचे माहेरही तेरच. त्यामुळे पंचाहत्तरीची आई हट्टाने आली. मांडवात बंदोबस्त होता. उद्घाटक कवी ना. धों. महानोर, त्यांनी येऊ नये म्हणून त्यांच्यावरही दडपण आणले गेले होते. ते आले. दिब्रिटो यांची पाठ दुखत होती. चाकाच्या खुर्चीत बसून ते व्यासपीठावर आले.

माझी विद्यार्थिनी स्वयंसेविकेचा बिल्ला लावून लोकांना पाणी देत होती. ती आमच्या रांगेशी आली तेव्हा आई खुर्चीतल्या त्या वृद्ध धर्मगुरूकडे एकटक बघत होती.

“किती दुखत असंल रं त्यांना,” आई म्हणाली. “एवढं दुखणं असूनबी आले बघ.”

मुलीने आईच्या हातात पेला दिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, हा ‘असूनही’ बरोबर आहे.”

परतताना आईने मला गोरोबांची गोष्ट सांगितली. ती मी वर्गात शंभरदा सांगितलेली आहे. पण आईला अडवायचे नसते. संतमेळ्यात गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे मुकाट सोसतात. नामदेव तेवढे चिडतात आणि कच्चे मडके ठरतात. आई सांगत होती आणि मी एसटीच्या खिडकीशी डोके टेकून बसलो होतो. आमच्या वर्गात थापटणे तिसऱ्या बाकावरून आले होते. आणि नामदेवांसारखा चिडलोही नाही मी, विनोद केला. म्हणजे त्यांच्याहून कच्चा!

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो गेले. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी चार ओळी लिहायला मला सांगितले. पहिल्याच ओळीत लेखणी ओळखीच्या वळणावर गेली, ‘धर्मगुरू असू...’ तिथेच थांबलो. खोडले आणि लिहिले, ‘फादर दिब्रिटो धर्मगुरू होते आणि मराठी लेखक होते.’ वाक्य जरा अळणी झाले. ‘असूनही’त जो झटका असतो तो ‘आणि’त नाही. पण माणसे शेजारी शेजारी बसवायची तर ‘आणि’हून चांगली सतरंजी मराठीत दुसरी नाही. आता ‘स्मृतिचित्रे’ शिकवतानाही मी तेच वाक्य वापरतो. मुले ते वहीत उतरून घेतात. कोणी टाळ्या वाजवीत नाही.

ती मुलगी आता एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या दिवाळीचा डबा तिच्या घरी जातो आणि नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे येतात, सौ.च्या मते त्यांचे सारण सरस असते. परवा तिचा फोन आला. आवाज पडलेला.

“सर, काल वर्गात एका मुलाची वही पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मुलगा असूनही किती सुंदर अक्षर!’”

“मग?”

“मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘बाई, असूनही का?’”

“तू काय केलंस?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “काय करणार? विनोद केला.”

मी खूप हसलो. तिला म्हणालो, “उद्या वर्गात जाऊन त्याला उत्तर दे. आणि सुटीत आली की आईला भेटून जा. तेरहून आणखी एक कच्चं मडकं आलंय, असं सांगतो तिला.”